चार किलो

"विकायची तर विक बाबा," दिन्का म्हणाली, "फक्त सही करायच्या आधी मला एकदा आत जाऊन बसायचंय." एवढंच. ती मटार सोलत होती आणि बोलताना तिचे हात थांबलेही नाहीत. तिच्या नवऱ्याचा, लोव्रेचा, चमचा मात्र सूपमध्येच राहिला. तीन वर्षांत ही बाई बोटीकडे फिरकली नव्हती. बाजारात जाताना धक्क्याचा सपाट रस्ता सोडून ती वरच्या गल्लीनं जायची, गुडघे कुरकुरत असताना चढ चढून. घरात बोटीचा विषय निघाला की उठून गॅसपाशी जायची आणि गॅसवर काही नसलं तरी तिथं काहीतरी करत राहायची. आणि आता म्हणे आत जाऊन बसायचंय. आत बसण्यासारखं आहे काय? सात मीटरची शर्यतीची बोट. आत म्हणजे एक पांढरं बीळ, ज्यात उभं राहता येत नाही आणि वजन नको म्हणून कुणी साधी उशीही ठेवत नाही. "कशाला?" त्यानं विचारलं. "बसायचंय," ती म्हणाली. "अर्धी माझी आहे ना?" अर्धी तिची होती खरी. म्हणजे याक्शाची होती. ही बोट, 'लास्ता', दोघांनी मिळून घेतलेली, लोव्रेनं आणि त्याच्या मेव्हण्यानं, निम्मी निम्मी. याक्शा गेल्यावर त्याची निम्मी त्याच्या बहिणीकडे, दिन्काकडे, आली, कारण त्याला दुसरं होतंच कोण. लोव्रेनं सूप संपवलं, ताटली स्वतः धुतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या ठोक्याला अ‍ॅसिटोनची बाटली आणि कापसाचा बोळा घेऊन तो झेंटा बंदराच्या आवारात, बोटीच्या पोटात, पाठीवर आडवा झालेला होता.

दहा वाजता गिऱ्हाईक आलं. इझोलाहून रात्रभर गाडी चालवत आलेला स्तोयान नावाचा धिप्पाड स्लोव्हेनियन. शिडीवरून आत डोकावला, नाक वर करून हुंगला आणि म्हणाला, "इथं कधी माणूस आलं होतं असं वाटतच नाही हो." लोव्रेला ते वाक्य कुणीतरी पाठीत कोपर मारावं तसं लागलं. माणसानं कौतुक म्हणून म्हटलं होतं. कौतुक करण्यासारखंच होतं. डोलकाठीवर ओरखडा नव्हता. शिडं गुंडाळून, प्रत्येकावर तारीख घालून ठेवलेली. दोऱ्या गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवलेल्या. लोव्रे पोटापाण्यासाठी दात करायचा, म्हणजे दातांच्या डॉक्टरांना चिनीमातीचे दात घडवून द्यायचा, आणि तीस वर्षं भिंगातून केसाएवढे उंचवटे घासून घासून त्याच्या बोटांना एक रोग जडला होता. जे हाताखाली येईल ते गुळगुळीत करायचं. बोटीचा तळ त्यानं दातांच्या पॉलिशनं घासला होता. स्तोयाननं तळावरून उलटा हात फिरवला, डोळे मिटून. "पाण्यात कधी ठेवलीत की नाही हिला?"

"शर्यतीपुरती. संध्याकाळी क्रेननं वर."

"बायकोसारखी जपलीत."

"बायकोला इतकं कोण जपतं," लोव्रे म्हणाला, आणि दोघं हसले. अशा जागी हसायचं असतं म्हणून हसला तो. खरं तर त्याचं अर्धं लक्ष फाटकाकडे होतं. दिन्का अकराला येणार होती आणि नोटरीकडे बाराची वेळ घेतलेली. म्हणजे ती एक तास काढणार इथं? तासभर काय बघणार? काही उरलं नाहीये बघण्यासारखं. सकाळीच त्यानं खात्री केली होती, टॉर्च तिरपा धरून, जसा तो दातावरचा चरा बघतो. पुसलेली जागा बाकीच्या छतापेक्षा किंचित जास्त पांढरी दिसत होती, तेवढंच. ते माहीत असणाऱ्यालाच दिसलं असतं, आणि माहीत असणारा एकटा तो होता. उजवीकडे, पुढच्या झडपेच्या आत, जिथं मोठ्या फुगत्या शिडाची पिशवी लटकते, तिथं छताच्या खालच्या अंगाला ती हातभर जागा. उताणं पडल्याशिवाय दिसत नाही. आणि दोन शर्यतींच्या मधे तिथं उताणा पडणारा जगात एकच माणूस होता, ओल्या मोज्यांसकट, शीळ वाजवत. याक्शा गेल्यावर आठ दिवसांनी शिडं काढायला लोव्रे आत शिरला, पाय घसरून आडवा झाला, आणि नाकाच्या वर वीतभर अंतरावर त्याला ते पेन्सिलीचं अक्षर दिसलं. तेव्हापासून तीन हिवाळे त्यानं ही बोट आतून-बाहेरून घासली होती, फक्त तेवढी जागा सोडून. तिथं आलं की कापड आपोआप वळायचं. पिशवी तो परत तिथंच लटकवायचा आणि बाहेर येऊन उगाच एखादी दोरी पुन्हा धुवायचा.

"तुमचे पाच जण मिळून किती भरायचे?" स्तोयाननं खालून विचारलं. शर्यतवाल्यांतला हा सर्वांत साधा प्रश्न. दोन माणसं भेटली की हवा कशी आहे हे जसं विचारतात, तसा. या जातीच्या बोटीवर पाच माणसांचं मिळून वजन तीनशे पंच्याहत्तर किलोच्या वर चालत नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना चड्डीवर काट्यावर उभं करतात, एकदाच. आणि त्या एकदासाठी ही सुशिक्षित, बायकापोरांची माणसं काय काय करतात ते घरच्यांना सांगण्यासारखं नसतं. प्लास्टिकच्या पिशव्या अंगाला गुंडाळून पळतात. बडीशेप चघळत वाफेच्या खोलीत बसतात. काटा झाला की ढोसाढोस पाणी पितात, आणि दुसऱ्या दिवशी हेच लोक जास्तीचं वजन घेऊन बोटीच्या कडेवर लटकतात. नियम मोडत नाहीत हं कुणी. लोव्रेनं आयुष्यात नियम मोडला नव्हता. "बरोबर तीनशे पंच्याहत्तर," तो म्हणाला.

"वा. आम्ही तीनशे त्र्याऐंशी. आठ किलो कुठून आणायचे सांगा. म्हणजे कुठे टाकायचे." स्तोयान स्वतःच्या पोटावर थाप मारून हसला. "मी तर सुकाणूवर. मी उपाशी राहून कसं चालेल? माझा पुढचा गडी म्हणतो, मी उतरवतो."

सुकाणूवरच्यानं उपाशी राहून कसं चालेल. हे वाक्य लोव्रेचं होतं. अक्षरन् अक्षर त्याचं. तीन वर्षांपूर्वी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, क्लबातल्या मासळीच्या जुन्या काट्यावर पाचही जण उभे राहिले होते. एरवी ते तीनशे साडेसत्त्याहत्तर भरत, म्हणजे अडीच किलो जास्त, आणि ते अडीच दरवर्षी याक्शा उतरवायचा, कारण बोटीच्या टोकावरचा, पुढचा गडी हलका हवा आणि कारण याक्शाला कुणी काही मागितलं की नाही म्हणताच यायचं नाही. त्या सोमवारी काटा तीनशे एकोणऐंशीवर गेला. जास्तीचे दीड किलो लोव्रेचे होते. ईस्टरला दिन्कानं पाश्तित्सादा केला होता. मांस दोन दिवस सिरक्यात मुरलेलं, सुक्या आलुबुखारांच्या काळ्या रश्श्यात. लोव्रे दोनदा जेवला, संध्याकाळी उभ्या उभ्या तिसऱ्यांदा. काट्यावरून उतरताना त्यानं पोट आत घेतलं, जसं काही पोट आत घेतल्यानं वजन कमी होतं. याक्शाच म्हणाला, "कुन्यादो, तुझं पोट पण माझ्याच खात्यावर का?" कुन्यादो म्हणजे दाजी, आणि इकडे मेव्हण्यालाही तेच म्हणतात. दोघं एकमेकांना वीस वर्षं एकाच नावानं हाक मारत आले होते. लोव्रे म्हणाला, "अरे, सुकाणूवरच्यानं उपाशी राहून कसं चालेल? तू तरणा आहेस." तरणा! त्रेचाळीस वर्षांचा होता. "बरं," याक्शा म्हणाला, "चार तर चार." बुधवारी संध्याकाळी तो अठ्ठ्याहत्तर पॉइंट सहावर येऊन अडकला. डोळे खोल गेलेले, ओठांवर सालपटं, आणि वर विनोद चालूच. हवे होते सत्त्याहत्तर. लोव्रे रक्तदाबासाठी पाण्याची गोळी घ्यायचा, लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी. पाकीट खिशातच होतं. दोन गोळ्या त्यानं चांदीच्या कागदासकट कापून दिल्या. "एक आत्ता, एक सकाळी. कुणाला बोलू नकोस." याक्शानं विचारलं, "चालतं का हे?" लोव्रे म्हणाला, "डोकेदुखीवर घेतल्यासारखं आहे रे." त्याला ठाऊक होतं की खेळात ही गोळी बंद आहे. सापडली तर निकाल रद्द आणि दोन वर्षं घरी. तेवढंच ठाऊक होतं. गोळीनं माणसाचं काय होतं ते दहा वर्षं रोज घेऊनही त्यानं कधी वाचलं नव्हतं.

"पाण्याच्या गोळ्या असतात ना त्या," स्तोयान म्हणत होता, आवाज खाली आणून. "माझा गडी विचारत होता. पकडतात का हो त्यात?"

लोव्रेच्या हातात दोरीचं टोक होतं. त्यानं ते उगाच उलगडलं आणि परत गुंडाळलं. इथं बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं आणि समोरचा माणूस परका होता, आज कागद घेऊन निघून जाणारा, याहून सोपी जागा मिळाली नसती. "पकडतात," तो म्हणाला. "पकडतात," स्तोयाननं मान हलवली, आणि तो विषय त्याच्यापुरता संपला. तो डोलकाठीच्या बुडाशी वाकून बोल्ट बघायला लागला. लोव्रेला घाम आला. दक्षिणेकडचा दमट युगो वारा दोन दिवस सुटला होता, आवारातल्या सगळ्या बोटींच्या दोऱ्या डोलकाठ्यांवर टकटक करत होत्या. शर्यतीच्या त्या शुक्रवारीही युगोच होता. पहिल्या शर्यतीत ते तिसरे आले. दुसऱ्या शर्यतीत वरच्या बोयाला वळून मोठं शीड वर चढवायचं, याक्शानं दोरी ओढली, तीन हात, चार हात, आणि मग तो खाली बसला. दमलेला माणूस पायरीवर बसतो तसा साधा बसला. शीड अर्ध्यावर फडफडायला लागलं. आणि लोव्रे ओरडला. "याक्शा! दोरी! अरे दोरी!" मागची बोट जवळ आली म्हणून पुन्हा ओरडला. शिवी हासडली. हे सगळं किती वेळ चाललं ते त्यानं नंतर क्लबच्या चित्रफितीत पाहिलं. चाळीस सेकंद. चाळीस सेकंद तो एका कोसळलेल्या माणसाला दोरी ओढ म्हणून शिव्या घालत होता. पण तेही एक वेळ माणूस पोटात घालू शकेल, कारण कुणाला काय कळत होतं. पोटात न जाणारी गोष्ट त्याच्यानंतरची होती. इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण धावत बाहेर आली. याक्शा तेव्हा जिवंत होता, काचेपलीकडे त्याचे पाय दिसत होते, मोज्यांसकट. तिनं विचारलं, "काही औषध, गोळ्या घेत होते का?" आणि लोव्रे म्हणाला, "नाही." विचार न करता. किंवा विचार करून. त्या क्षणी त्याच्या डोक्यात तिसरा नंबर होता. देवाशपथ, तिसरा नंबर होता. साडेसहाला याक्शा गेला. रक्त तपासल्यावर त्यांना कळणारच होतं, असं लोव्रे स्वतःला सांगतो. कळलंही असेल. बारा मिनिटांनी कळलं असेल की चाळीस, आणि त्यानं काय फरक पडला असता, हे तो दात घासता घासता स्वतःला हजारदा विचारून बसला आहे. दिन्काला नंतर सांगण्यात आलं की अंगातलं पाणी आणि क्षार उतरले, हृदय थांबलं, हे खेळाडू असं करतात. ती म्हणाली, "हो, माहितीये, पिशव्या गुंडाळून पळायचा."

फाटक वाजलं. दिन्का आली. अंगावर बाहेर जायचा निळा कोट, हातात पर्स, पायांत चांगले बूट. शिडीपाशी आल्यावर तिनं न सांगता बूट काढले आणि एकाशेजारी एक ठेवले. बोटीवर कडक तळव्याचं पायताण चालत नाही हे ती विसरली नव्हती. स्तोयाननं अदबीनं हात पुढे केला. "तुमच्या नवऱ्यानं बोट काय ठेवलीय, बाई! आरशासारखी."

"त्याला घासायला आवडतं," दिन्का म्हणाली, आणि स्तोयानचा हात न घेता वर चढली. लोव्रेकडे तिनं बघितलं नाही. ती सरळ आत शिरली. साठीला आलेली बाई, कोट आवरत, रांगत पुढे गेली, उजवीकडे. बाहेर उभ्या लोव्रेला तिचं डोकं तळाला टेकल्याचा बारीक आवाज ऐकू आला. उताणी झाली ती. नेमकी तिथंच. तिला कसं माहीत? मग शिडाची पिशवी सरकवल्याचा आवाज. स्तोयान अवघडून सिगारेट शोधायला लागला आणि समंजसपणे धक्क्याच्या टोकाकडे चालत गेला.

"लोव्रे. इकडे ये."

तो रांगत आत गेला. आत अ‍ॅसिटोनचा वास अजून होता. दिन्का छताकडे बघत पडली होती. पर्स छातीवर, आणि त्या वयातही तिचा चेहरा पायांकडून पाहिल्यावर हुबेहूब भावाचा दिसत होता. "कुठंय ते?" ती म्हणाली.

"काय?"

"त्यानं लिहिलेलं. इथं होतं ना." तिनं फोन वर धरला. फोटो होता, तिरका, अंधुक. याक्शाची पायांची बोटं एका कोपऱ्यात. आणि पेन्सिलीचं ते अक्षर, जे तीन वर्षं आपण एकट्यानंच पाहिलं असं लोव्रे समजत होता: *कुन्यादोचे दीड, माझे अडीच. एकूण चार. दिन्काच्या पाश्तित्सादाचा विजय असो!* खाली आकडे. सोमवार ८१. मंगळवार ७९.८. बुधवार ७८.६. "बुधवारी पाठवला होता मला. म्हणाला, ताई, बघ तुझे प्रताप." तिचा आवाज साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "पुसलंस?"

"अगं, गिऱ्हाईक येणार होतं. सगळंच घासलं मी."

"आज?"

"सकाळी."

मग हात वर करून तिनं त्या जास्त पांढऱ्या जागेवर बोटं टेकवली आणि फिरवली, जशी आंधळी माणसं फिरवतात. "बोट लावून बघायचं होतं नुसतं. त्याचं अक्षर माझ्याकडे दुसरं कुठलं नाहीये. पोरगा कधी चिठ्ठी लिहायचा का? फोन करायचा. बोट गेली की हेही जाणार, म्हणून म्हटलं, एकदा."

"मला वाटलं, तुला... ते दीड किलो वाचून..."

"ते मला काय तू सांगणार?" दिन्का एकदम त्याच्याकडे वळली, आणि त्याला दिसलं की तिच्या डोळ्यांत राग नाही. राग असता तर बरं झालं असतं. "ते दीड किलो तुझ्या अंगावर चढवले कुणी? मी ना? तू पुरे म्हणत होतास, मी आणखी वाढलं. संध्याकाळीही. सण आहे, खा म्हटलं. तीन वर्षं झाली, मी घरात तो पदार्थ केला नाही. तू एकदा तरी विचारलंस का, बाई, का करत नाहीस?"

त्यानं विचारलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, आता तिला कंटाळा येतो. आणि तो पुरे म्हणालाच नव्हता. त्यानं ताटली स्वतः पुढे केली होती, तिन्ही वेळा. ही बाई तीन वर्षं रोज त्याच्यासमोर जेवायला बसत होती, आपल्या हातानं भाऊ मारला असं समजून, आणि तो तिच्या समोर बसून सूपला मीठ कमी आहे म्हणत होता. त्याचं तोंड उघडलं. म्हणायचं होतं, दिन्का, तुझं काही नाही यात. पाश्तित्साद्यानं कुणी मरत नाही. म्हणायला सोपं होतं, फक्त त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य यावं लागलं असतं, आणि त्याच्या मागोमाग डॉक्टरीण.

"हा फोटो बुधवारचा," दिन्का म्हणाली. "गुरुवारी काटा झाला. गुरुवारीही लिहिलं असेल ना त्यानं?"

"हो."

"काय होतं? तू पुसलंस, तूच शेवटचं वाचलंस. सांग."

*गुरुवार ७७.०! कुन्यादोच्या दोन गोळ्या. आज समुद्रापेक्षा मीच जास्त पाणी सोडलं.* सकाळी कापसानं त्यानं ही ओळ सगळ्यांत शेवटी पुसली होती. आधी गोळ्या, मग समुद्र. आकडा जायला वेळ लागला, याक्शानं तो दोनदा गिरवला होता.

"सत्त्याहत्तर," लोव्रे म्हणाला.

"आणि?"

"एवढंच."

"काही गंमत नाही? याक्शानं?"

"घाईत असेल गं."

दिन्का पुन्हा उताणी झाली. छताकडे बघत राहिली आणि हळूहळू, त्याच्या जिवाचं पाणी पाणी करत, हसली. "म्हणजे जमलं त्याला," ती म्हणाली. "चारच्या चार उतरवले. हट्टी मेला." डोळ्यांतून पाणी कानांकडे गेलं, ते तिनं पुसलं नाही. मग उठून बसली, पर्समधून वाणसामानाच्या यादीचा कागद काढला, उलटा केला आणि त्याच्यापुढे धरला. "लिहून दे. त्याच्यासारखं लिही. तुला त्याचं अक्षर माहीत आहे."

पेन्सिल लोव्रेच्या कानावर असायचीच. त्यानं गुडघ्यावर कागद ठेवला. आधी सोमवार, मंगळवार, बुधवार, फोटोत बघून. सातचा आकडा याक्शा आडवी रेघ मारून काढायचा, तशी रेघ मारली. *गुरुवार ७७.०* लिहिलं, दोनदा गिरवलं, पुढं उद्गारचिन्ह दिलं. पेन्सिलीचं टोक तिथंच टेकून राहिलं. पुढची ओळ हाताला पाठ होती. हात ती लिहायला निघालाही होता, टोकाखाली एक ठिपका उमटला होता. दिन्का त्या ठिपक्याकडे बघत होती.

"आणखी काही होतं का?"

"नाही," लोव्रे म्हणाला. आवाज तोच निघाला, इस्पितळातला, तितकाच स्वच्छ. त्याला तो ओळखू आला.

तिनं कागदाची घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन ओढली. "चल," ती म्हणाली, "बारा वाजत आले. नोटरी थांबायचा नाही." बाहेर स्तोयान सिगारेट विझवून उभा राहिला. शिडीवरून उतरताना दिन्कानं मागे न बघता हात लांब केला आणि लोव्रेचा हात धरला, तीन वर्षांत पहिल्यांदा. बूट घालतानाही तिनं तो सोडला नाही. आणि नोटरीच्या दारापर्यंत, वरच्या गल्लीनं नाही, धक्क्यावरच्या रस्त्यानं, ती तो हात तसाच धरून चालत गेली.